भाऊ बावीस तारखेला सुटतोय. आत घेतलेला उपचार बाहेर टिकतो का?

कळव्याची_थोरली:

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ शिक्षा भोगतोय. कुठल्या कारागृहात ते लिहीत नाही. गुन्हा चोरीचा. घणसोलीत एका बांधकामाच्या साइटवरून तांब्याची वायर आणि दोन ड्रिल मशिनं उचलली. तिघं होते, हा एकटा सापडला. पण चोरी नंतरची, आधी एमडी पावडरची नशा. २०२१ मध्ये कुरिअरची नोकरी गेली, रात्री खारेगावच्या नाक्यावर बसायला लागला आणि वर्षभरात अंगावरचे कपडे लोंबायला लागले. आईच्या बांगड्या गेल्या, माझ्या मुलीची सायकल गेली, मग लोकांच्या वस्तू.

ही तिसरी वेळ. पहिल्यांदा दोन महिन्यांनी जामिनावर आला, देव्हाऱ्यापुढे हात ठेवून शपथ घेतली, अकरा दिवस टिकला. दुसऱ्यांदा सात महिने आत होता. सुटल्यावर मी वाशीला नेऊन नवे कपडे घेतले, आईने पुरणपोळ्या केल्या. चौथ्या रात्री दोन वाजता दार वाजलं आणि त्याचे डोळे बघूनच कळलं. या वेळी दीड वर्षाची शिक्षा झाली. खटला चालू असताना आत काढलेले कच्च्यातले दिवस वजा जाऊन पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला सुटका आहे.

या खेपेला एक गोष्ट वेगळी आहे. गेले सात महिने आत एका संस्थेची माणसं येतात. आठवड्यातून दोनदा गट बसवतात. ओढ लागली की काय करायचं, राग आला की काय करायचं, ते वहीत लिहून काढायला लावतात. पहाटे ध्यान असतं. पूर्वी त्याच्या पत्रात ‘मनीऑर्डर पाठव’ एवढंच असायचं. मागच्या पत्रात त्याने सायकलीबद्दल लिहिलंय. ‘पिल्लूची सायकल मी साडेसातशेला विकली, ताई. स्टेशनला पोचेपर्यंत पैसे संपले होते.’ तीन वर्षांत हा विषय त्याने पहिल्यांदा काढला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ते पत्र रोज पर्समध्ये घेऊन जाते.

आता प्रश्न. असल्या कार्यक्रमांनी खरंच काही बदलतं का? महिनाभराचं म्हणत नाही मी. तीन वर्षं, पाच वर्षं. कुणी मोजलंय का? आणि त्याला घरी आणू का? आई म्हणते पोटचं पोर आहे, जाईल कुठे. आमचं घर त्या नाक्यापासून चार मिनिटांवर आहे. काका जुन्नरजवळ शेती करतात, ते ठेवून घ्यायला तयार आहेत. माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि मला भावाची भीती वाटते, हेही लिहूनच टाकते. मला खरं उत्तर हवंय. धीर द्यायला घरचे आहेत.


दिवा_ते_दादर:

ताई, विपश्यनेला पाठवा. १९९४ मध्ये तिहारमध्ये गोएंका गुरुजींनी एकाच वेळी हजारावर कैद्यांचं शिबिर घेतलं होतं, किरण बेदी तेव्हा तिथे प्रमुख होत्या. इगतपुरी तुम्हाला लांब नाही. माझ्या मेहुण्याची दारू दहा दिवसांच्या शिबिरानंतर सुटली ती सुटलीच.


घणसोली_शटर:

मी बोललो तर कडू वाटेल, तरी बोलतो. माझं हार्डवेअरचं दुकान दोनदा फोडलं. दुसऱ्या वेळी गल्ल्यात फारसं काही मिळालं नाही म्हणून आतले नळ आणि वायरची बंडलं नेली. विमा नव्हता. वडील शटरचं कुलूप हातात धरून फुटपाथवर बसले होते, ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. पोरगं पकडलं गेलं, सुटलं, आणि महिन्याच्या आत आमच्याच गल्लीत फिरताना दिसलं. ताई, तुमच्या भावाशी माझं वैर नाही. पण आत ध्यान केलं, वही लिहिली, याने माझं शटर तिसऱ्यांदा फुटायचं थांबणार आहे का? थांबणार असेल तर करा, माझ्या करातून करा. नसेल तर तसं सांगा.


वर्तकनगरच्या_काकू:

नऊ वर्षं मी आठवड्यातून दोन दिवस तुरुंगात गट घ्यायला जात होते. आता गुडघे चालत नाहीत म्हणून घरी असते. ताई, तुमचा आणि शटरवाल्या दादांचा प्रश्न एकच आहे, त्यामुळे दोघांना मिळून लिहिते. लांबेल.

मोजलंय. आपल्याकडे कमी, अमेरिकेत पुष्कळ. १९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाने २३१ अभ्यास तपासून लिहिलं की कैद्यांना सुधारण्याच्या कार्यक्रमांचा पुन्हा गुन्हा करण्यावर फारसा परिणाम दिसत नाही. ‘काहीच उपयोग नाही’ हे वाक्य त्यानंतर इतकं पसरलं की कार्यक्रम बंद करायला तेवढं कारण पुरायला लागलं. १९७९ मध्ये त्यानेच लिहिलं की आपलं म्हणणं चुकलं, काही कार्यक्रम काही परिस्थितीत उपयोगी पडतात. ते मात्र फार कुणाच्या कानावर गेलं नाही.

तुमच्या भावाच्या जवळ जाणारा अभ्यास सॅन दिएगोजवळच्या डोनोव्हन तुरुंगातला आहे. कार्यक्रमाचं नाव अमिटी. व्यसनी कैद्यांची वेगळी बरॅक, रोज गट, आणि गट घेणाऱ्यांत स्वतः त्या वाटेने गेलेली माणसं. येऊ इच्छिणारे जास्त आणि जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली. १९९९ मध्ये तीन वर्षांचा हिशेब आला. आतला कार्यक्रम पूर्ण करून बाहेर आल्यावरही पुढचा उपचार ज्यांनी पूर्ण केला, त्यांच्यातले २७ टक्के परत तुरुंगात गेले. बाकीच्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश परत गेले. या बाकीच्यांत फक्त आतला कार्यक्रम करून बाहेर काहीच न केलेलेही आले. हे नीट वाचा, ताई. आत चांगलं शिकलेला आणि बाहेर सोडून दिलेला माणूस जवळजवळ तिथेच गेला जिथे न शिकलेला गेला.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, मिळालं उत्तर. मग खटकलं. बाहेरचा उपचार पूर्ण कुणी केला? ज्याला मनापासून सुटायचं होतं, ज्याच्या मागे कुणीतरी होतं, त्याने. म्हणजे त्या २७ मध्ये उपचाराचा वाटा किती आणि त्या माणसाच्या जिद्दीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. २००४ मध्ये पाच वर्षांचा हिशेब आला. त्यात चिठ्ठी निघालेले सगळे, मग त्यांनी पुरं केलेलं असो वा अर्धवट सोडलेलं, आणि चिठ्ठी न निघालेले सगळे, अशी तुलना होती. परत तुरुंगात गेलेले ७५.७ टक्के आणि ८३.४ टक्के. फरक आहे. शंभरात सात-आठ माणसांचा आहे. शटरवाले दादा, ती सात-आठ माणसं म्हणजे काही शटरं, हे मी मनापासून म्हणते. पण याहून मोठं वचन मी तुम्हाला देणार नाही.

२०२१ मध्ये लॅन्सेट सायकायट्री या वैद्यकीय नियतकालिकात तुरुंगातल्या मानसोपचारांच्या २९ चाचण्यांचा एकत्र आढावा आला, ९,४४३ माणसांचा. सगळं एकत्र धरलं तर परत गुन्हा कमी झालेला दिसला. छोट्या चाचण्या वगळल्या तर तो फायदा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. अमिटीसारख्या, एकत्र राहून चालणाऱ्या उपचारांत फायदा दिसला, पण त्याचे अभ्यास दोनच. आणि आढावा घेणाऱ्यांनी शेवटी तेच सांगितलं की आतला उपचार बाहेर खंड न पडता चालू राहील असं बघा.

आता माझ्या डोळ्यांदेखतचं. आपल्याकडे २०२२ मध्ये तुरुंगात असलेल्यांपैकी ७५.८ टक्के लोक कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. त्यांची सुटकेची तारीख कुणालाच ठाऊक नसते. माझ्या गटात एक मुलगा होता, पाच महिन्यांनी पहिल्यांदा बोलता झाला, वडिलांविषयी. मी म्हटलं, गुरुवारी पुढचं बोलू. गुरुवारी त्याची जागा रिकामी, मंगळवारी जामिनावर गेला होता. पत्ता नाही, नंबर नाही, पुढचा गट नाही. अकरा आठवड्यांनी तो परत त्याच बरॅकीत दिसला आणि माझ्याकडे बघेना. नऊ वर्षांत असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. तुमच्या भावाची तारीख पक्की आहे. तुमच्या हातात बाकीच्यांना न मिळणारे पाच आठवडे आहेत.

ते असे वापरा. आत येणाऱ्या समुपदेशकाला भेटून, भावाच्या सहीने, आतापर्यंत काय काय झालं ते कागदावर घ्या. व्यसनमुक्ती केंद्रात जागा आजच विचारा, सुटल्यावर नको. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथून जवळचं केंद्र कळेल. पुण्याच्या मुक्तांगणचा मुक्काम ३५ दिवसांचा असतो. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, पुढच्या भेटींसाठी तुम्हाला कळव्याहून एकच स्टेशन. गर्दला, म्हणजे ब्राउन शुगरला, असतं तसं एमडीला बदली औषध नाही. तिहारमध्ये २००८ पासून गर्दसारख्या अफूजन्य नशेवर ब्युप्रेनॉर्फिन हे बदली औषध देतात, तसलं काही एमडीवर चालत नाही. बोलणं, गट, झोप, काम, एवढीच हत्यारं. म्हणून खंड पडता कामा नये.

आणि पहिले चौदा दिवस. वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या १२.७ पट होतं, आणि नशेच्या अतिमात्रेने मरण्याचं १२९ पट. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते, मन मात्र जुन्याच मापाने घेतं. पुरणपोळ्या करा, पण पंधरवडा जाऊ द्या.

दिवा_ते_दादर, विपश्यनेविषयी मला आदर आहे. पण नुकत्याच सुटलेल्या मुलाला दहा दिवस मौनात बसवणं मला घाईचं वाटतं. सहा महिन्यांनी जरूर. जुन्नरचंही तेच. तिथे नाका नाही हे खरं, पण गटही नाही. शेवग्याला पाणी घालताना ओढ लागली तर पोरगं कुणाशी बोलणार?


रबाळे_पावडरकोटिंग:

काकूंचं सगळं वाचलं. मी आतून सांगतो. मी दोनदा आत होतो, गर्दपायी. शेवटचा सुटलो २०१३ मध्ये. आता रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे.

आत मी तीन कोर्स केले. तिन्ही चांगले होते. एका मॅडमनी मला शिकवलं की ओढ लाटेसारखी असते, वीस मिनिटं धरून बस, उतरते. मी आत ती शेकडो वेळा धरून बसलो. सोपं होतं, कारण आत माल घ्यायला माझ्याकडे पैसेच नव्हते.

पहिल्यांदा सुटलो तेव्हा संध्याकाळ होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, खिशात एकशे चाळीस रुपये. घरच्यांना निरोप पोचला नव्हता. फोन नाही. पानवाल्याकडून फोन मागून घेतला आणि लक्षात आलं की मला दोनच नंबर पाठ आहेत. एक आईचा, एक माल देणाऱ्याचा. आईचा बंद लागला. पुढचं सांगायला नको. मी वाईट ठरवून केलं नाही. मी फक्त ज्याने फोन उचलला त्याच्याकडे गेलो.

दुसऱ्यांदा मामा गेटवर होता. सकाळी सातपासून उभा होता, मी बाहेर आलो चार वाजता. वेळ सांगत नाहीत, ताई, डबा घेऊन जा. मामाने घरी नेलंच नाही. म्हणाला, आईला फोनवर बोल, ती रडेल, रडू दे. स्कूटरवर बसवून सरळ केंद्रात. मी रस्ताभर शिव्या घातल्या त्याला. केंद्रातून बाहेर पडल्यावर दिघ्यात खोली घेतली, माझ्यासारखाच एक जण पार्टनर. जुन्या चाळीत दोन वर्षं पाऊल टाकलं नाही. गणपतीलासुद्धा आईच मामाकडे आली.

आणि चौथ्या महिन्यात मी घसरलो. हे मुद्दाम सांगतोय. पगार झाला त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगला गेलो आणि सगळ्यांसमोर बोललो. कुणी हाकललं नाही. आतल्या कोर्समध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं, घसरल्यावर उठायचं कसं. तुमचा भाऊ घसरला तर सगळं पाण्यात गेलं असं समजू नका, पण त्याच दिवशी कुणाला तरी सांगायची सवय त्याला लावा. आणि पगार दोन वर्षं मामाच्या खात्यात जायचा. मला रोज शंभर रुपये. लाज वाटायची. उपयोग झाला.

तुम्हाला भीती वाटते हे लिहिलंत ते चांगलं केलंत. माझी बहीणही घाबरायची. तिने मला तीन वर्षं घराची चावी दिली नव्हती. आज तिची पोरं माझ्याकडे राहायला येतात. चावी नाही दिली म्हणून मी तिचा आभारी आहे.


घणसोली_शटर:

काकू, वाचलं, दोनदा वाचलं. शंभरात सात. कमीच आहेत, पण तुम्ही फुगवून सांगितलं नाहीत. रबाळेवाले भाऊ, गोडाऊनला हेल्पर लागतो मला. नुकत्या सुटलेल्याला नाही ठेवणार, खोटं कशाला बोलू. पण सहा महिने कुणी मीटिंगला नियमित जातोय आणि तुम्ही जबाबदारी घेताय, असं असेल तर बोलू.


कळव्याची_थोरली:

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही लिहिलेलं करत होते.

केंद्रात जागा मिळाली, बावीस तारखेचीच. आधार कार्ड आणि घरचं एक माणूस आठवड्याच्या बैठकीला, एवढं मागितलंय. समुपदेशक भेटले. कागद देतो म्हणाले, आणि त्यांनी विचारलं की तो बाहेर गेल्यावर पुढे काय झालं ते आम्हाला कळवाल का, आम्हाला कधीच कळत नाही. काका जुन्नरहून आदल्या रात्री येतील, त्यांची गाडी आहे. जुन्नर आत्ता नाही, तीन महिन्यांनी बघू.

आई ऐकत नव्हती. तुरुंगातून सुटून घरी न येता परस्पर दवाखान्यात, म्हणजे लोक म्हणतील घरच्यांनी टाकला. भांडण झालं. मग काल रात्री तिला रबाळेच्या भावांचं लिहिलेलं वाचून दाखवलं, पानवाल्याच्या फोनचं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आपल्या पोराला कुणाचा नंबर पाठ असेल गं?’

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या अटकेनंतर मी माझा नंबर बदलला होता. त्याचे फोन येऊ नयेत म्हणून.

आज पत्र लिहिलंय. आतल्या वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि पाठ कर, म्हणून माझा नवा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. खाली आईने स्वतःच्या हाताने तिचा लिहिलाय.


रबाळे_पावडरकोटिंग:

पत्र टाकलं नसेल तर थांबा. माझा नंबर तुम्हाला मेसेजमध्ये पाठवलाय. तिसरा तो लिहा. रात्रपाळी असते माझी, दोन वाजता केला तरी उचलेन.